आठ वाजताची गोळी: क्षयरोग आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या रुग्णाचा प्रकरण अभ्यास

नागपुरातील एका एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात आमच्या चमूने हाताळलेले हे प्रकरण आहे. रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचाराचा क्रम, अहवालांचे आकडे आणि आमच्या हातून राहून गेलेल्या गोष्टी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. प्रकरण गुंतागुंतीचे होते म्हणून ते लिहीत नाही. सहा महिने आम्ही औषधांबद्दल बरेच बोललो, पण ती औषधे रुग्ण किती वाजता, कोणत्या खोलीत आणि कोणाच्या देखत घेतो हे विचारायला विसरलो, म्हणून लिहीत आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण 38 वर्षांचे गृहस्थ. कळमना बाजारात एका अडतीवर लिखापढीचे काम करतात. पहाटे साडेतीनला उठतात, चारला घर सोडतात आणि दुपारी एकच्या सुमारास परततात. पारडी भागात दोन खोल्यांचे घर आहे. घरात आई, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी.

डिसेंबरच्या अखेरीस खोकला सुरू झाला. लाल मिरचीची आवक जोरात असण्याचे ते दिवस होते. मिरचीच्या पोत्यांशेजारी आठ तास बसणाऱ्या माणसाला खोकला येण्यात घरच्यांना काहीच वावगे वाटले नाही, आणि ज्या खासगी दवाखान्यात ते गेले तेथील डॉक्टरांनाही वाटले नाही. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग ताप येऊ लागला, तेव्हा विडाल तपासणीवरून टायफॉइड ठरवला गेला. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, त्यांपैकी एकात लिव्होफ्लॉक्सासिन होते. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी चालते, त्यामुळे रुग्णाला आठ-दहा दिवस बरे वाटते आणि क्षयरोगाचे निदान तेवढे लांबते. येथेही तसेच झाले. वजन 56 किलोंवरून 43 किलोंवर आले, तेव्हा एका नातेवाइकाने त्यांना आग्रहाने सरकारी दवाखान्यात नेले.

निदान

थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत क्षयरोगाचे जंतू आढळले. रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या मुख्य औषधाला प्रतिकार नव्हता. क्षयरोगाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही तपासणीबद्दल विचारायचे असते. त्यानुसार समुपदेशन करून, संमती घेऊन तपासणी केली. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. रक्तातील प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशी प्रति घनमिलिमीटर 64 होत्या. निरोगी प्रौढात हा आकडा साधारण 500च्या वर असतो. 64 या आकड्यावरून संसर्ग काही वर्षांपूर्वीचा असावा एवढे कळते. तो कोठून आला, हे आम्ही विचारले नाही. उपचारासाठी त्याची गरज नव्हती.

अहवाल ऐकल्यावर त्यांनी समुपदेशक ताईंना एकच प्रश्न विचारला, "घरी सांगावं लागन का?" त्याचे कारण त्यांनी नंतर सांगितले. क्षयरोग कळल्याच्या दुसऱ्या दिवशीच आईने त्यांचे ताट, पेला आणि वाटी वेगळी करून मोरीजवळच्या फळीवर ठेवली होती. क्षयाचे जंतू खोकल्यातून, हवेतून पसरतात, ताटा-पेल्यातून पसरत नाहीत, हे सांगूनही ताट फळीवरून हलले नाही. "टीबीले ताट वेगळं, तं याले काय करतीन?" असे ते म्हणाले. या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते. आम्ही गोपनीयतेची खात्री दिली आणि पुढे सरकलो. आज वाटते की सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका वाक्यात होती. ते वाक्य केसपेपरवर उतरायला हवे होते, पण उतरले नाही.

उपचाराची सुरुवात

दोन्ही आजार एकत्र असताना पहिला निर्णय क्रमाचा असतो. क्षयरोगाचे औषध आधी सुरू करायचे आणि त्यानंतर लवकरात लवकर, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, एआरटी सुरू करायची, हा आजचा सर्वमान्य क्रम आहे. एआरटीला फार उशीर केला तर एवढ्या कमी सीडी-4 असलेला रुग्ण दुसऱ्या एखाद्या संसर्गाने दगावू शकतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग असेल तर मात्र एआरटीची घाई जिवावर बेतू शकते. या रुग्णाला डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणे असे काही नव्हते, आणि रक्तातील क्रिप्टोकॉकल अँटिजेनची तपासणी निगेटिव्ह आली. 43 किलो वजनाला चार औषधे एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज, सोबत पायरिडॉक्सिन (बी-6 जीवनसत्त्व) आणि को-ट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळण्यासाठीचे प्रतिजैविक), असे सुरू झाले. बाराव्या दिवशी एआरटी दिली.

एआरटी म्हणजे टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी, रोज एक. क्षयरोग नसता तर एवढ्यावर भागले असते. पण रिफॅम्पिसिनमुळे यकृतातील औषधे मोडणारी विकरे जोमाने काम करू लागतात आणि डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात फार काळ टिकत नाही. म्हणून एकत्रित गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते.

येथे मी स्वतः चूक केली. मी नेहमीच्या सवयीने कागदावर लिहिले: रात्री 8 वाजता मोठी गोळी, सकाळी 8 वाजता छोटी गोळी. हे वेळापत्रक केंद्रातील बहुतेकांना चालते. पण सकाळी आठला हे गृहस्थ कळमन्यात लिलावाच्या गर्दीत, चार सहकाऱ्यांच्या मधोमध वही घेऊन बसलेले असतात. ते किती वाजता उठतात हे मी विचारले असते तर सगळे वेळापत्रक वेगळे झाले असते. "तुमचा दिवस कसा जातो, सांगा बरं भाऊ" हा प्रश्न विचारून उत्तर ऐकायला दोन मिनिटे पुरली असती.

गाठी आणि ताप

एआरटी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मानेच्या उजव्या बाजूच्या गाठी सुजल्या आणि गेलेला ताप परत आला. पाहता पाहता गाठ लिंबाएवढी झाली. घरच्यांचा समज झाला की औषधेच बाधली. आईने सगळी औषधे बंद करायला सांगितले.

आमच्यापुढे चार शक्यता होत्या: क्षयाचे जंतू औषधाला दाद देत नसतील, औषधे नीट घेतली जात नसतील, दुसराच एखादा संसर्ग किंवा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग असेल, किंवा प्रतिकारशक्ती परत येताना उठणारी दाहप्रक्रिया, म्हणजे आयरिस असेल. आयरिसमध्ये विषाणू दबू लागताच शरीराच्या पेशी जाग्या होतात आणि आधीच असलेल्या क्षयजंतूंवर तुटून पडतात. आजार वाढल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात ती प्रतिकारशक्ती परत येत असल्याची खूण असते. गाठीतून सुईने नमुना घेतला आणि सीबीनॅट पुन्हा केली. प्रतिकार नव्हता, कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. आयरिस आहे असे ठरवून कोणतेही औषध बंद न करता प्रेडनिसोलोन दिले: पहिले दोन आठवडे रोज 60 मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे निम्मे. पाचव्या दिवशी ताप उतरला. गाठ जायला दोन महिने लागले.

सीडी-4 शंभराच्या खाली असलेल्या रुग्णांना एआरटीसोबत चार आठवडे कमी मात्रेत प्रेडनिसोन दिल्यास क्षयरोगाशी निगडित आयरिसचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटते, असे दक्षिण आफ्रिकेतील 2018 सालच्या एका चाचणीत दिसले आहे. या रुग्णाला ते आधीच द्यावे का, यावर आमच्यात चर्चा झाली होती आणि आम्ही दिले नाही. त्या निर्णयाची मला फारशी खंत वाटत नाही. खंत दुसरीच आहे. अशा गाठी येऊ शकतात, त्या आल्या तर घाबरून औषध सोडू नका आणि लगेच या, हे एआरटी देतानाच सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे त्या चार-पाच दिवसांत घरच्यांचा औषधांवरचा विश्वास ढळला, आणि पुढे आईने स्वतःच्या समजुतीने टॉनिके सुरू केली, त्याची मुळे येथे आहेत.

पत्नीला सांगण्याचा प्रश्न

पत्नीला एचआयव्हीबद्दल सांगायला ते तयार नव्हते. समुपदेशक ताई दर भेटीत विषय काढत, आणि ते दर वेळी "पुढच्या महिन्यात" म्हणत. निरोध वापरण्याचे त्यांनी मान्य केले होते. आजारपणात शारीरिक संबंध जवळपास थांबलेलेच होते.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, वाट पाहायची आणि समजावत राहायचे. दुसरी, कायद्याने दिलेली. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा 2017 सालचा असून तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार जोडीदाराला खराखुरा धोका असेल, समुपदेशन करूनही रुग्ण स्वतः सांगत नसेल आणि आपण सांगणार आहोत याची त्याला आधी कल्पना दिली असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष, समुपदेशन करून सांगू शकतात. पण रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगता येत नाही. तिसरी वाट कोणी उघड सुचवली नाही, पण ती सगळ्यांच्या मनात येऊन गेली असणार. क्षयरोगाच्या निकटसंपर्कातील म्हणून पत्नी तपासणीला येणारच होती, तेव्हा काही न सांगता तिचे रक्त एचआयव्हीसाठीही तपासून घ्यायचे. ही वाट आम्ही तेथल्या तेथे बंद केली. बाईंच्या संमतीशिवाय बाईंचे रक्त तपासायचे, आणि तेही त्यांच्या नवऱ्याचे गुपित सांभाळण्यासाठी, हे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही.

आम्ही पहिली वाट धरली आणि तिला मुदत घातली नाही. घरातील तिघींची क्षयरोगासाठी तपासणी झाली, छातीचे एक्स-रे झाले, कोणालाच सक्रिय आजार नव्हता. तिघींना सहा महिने आयसोनियाझिडचा प्रतिबंधक उपचार सुरू झाला. म्हणजे पत्नी महिन्यातून एकदा दवाखान्यात येत होती, आमच्या समोरून जात होती, आणि तिच्या हक्काची एक गोष्ट आम्ही तिला सांगू शकत नव्हतो.

सप्टेंबरचा अहवाल

वरकरणी सगळे सुधारत होते. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसेनासे झाले. ऑगस्टअखेर क्षयरोगाचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला. वजन 52 किलो झाले. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 500 ऐवजी 1000 रुपये झाले आहेत, खात्यात जमा होत होते. दर महिन्याला औषधवाटप खिडकीवर गोळ्या मोजल्या जात, आणि डबीतील शिल्लक दर वेळी बरोबर निघे.

सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा अहवाल आला: प्रति मिलिलिटर 8,400 प्रती. सीडी-4 होत्या 131. डोल्युटेग्रॅव्हिरवर सहा महिन्यांनी विषाणू 1000च्या खाली यायलाच हवा होता, बहुतेकांमध्ये तर तो मोजताच येत नाही. एकदम नऊ किलो वजन वाढलेला, हसतमुख माणूस समोर बसलेला आणि हातात असा अहवाल, हे जुळत नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, एचआयव्हीच्या औषधांचा संच बदलायचा. रिफॅम्पिसिन थांबले होते, त्यामुळे त्याच्यासोबत चालत नसलेली, एचआयव्हीवरच्या दुसऱ्या गटातील प्रोटिएज-रोधक औषधे आता देता आली असती. पण डोल्युटेग्रॅव्हिरला प्रतिकार सहजासहजी निर्माण होत नाही. सहा महिन्यांत ते निकामी झाले असे मानून चांगले औषध हातचे घालवणे मला पटत नव्हते. दुसरा पर्याय, प्रतिकाराची जनुकीय तपासणी. ती सरसकट उपलब्ध नाही, आणि औषध पोटात जातच नसेल तर तिचा अहवाल फारसे काही सांगत नाही. तिसरा पर्याय मार्गदर्शक सूचनांत सांगितलेला आहे: औषध घेण्यातील अडचणी शोधायच्या, जादा समुपदेशन करायचे आणि गोळ्या नियमित झाल्यावर तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा करायचा.

तिसरा पर्याय निवडताना एक धोका आम्ही पत्करत होतो. विषाणू चढा असताना तीन महिने जातात, तेवढ्या काळात प्रतिकार निर्माण होऊ शकतो, आणि पत्नीला असलेला धोकाही चालू राहतो. म्हणून हा पर्याय घ्यायचा तर "गोळ्या नियमित घ्या" असे आणखी एकदा सांगून भागणार नव्हते.

पिशवी

समुपदेशक ताईंनी त्यांना घरातील सगळी औषधे, रिकाम्या डब्यांसकट, एका पिशवीत घालून आणायला सांगितली. "मोजायसाठी नाही भाऊ, मला फक्त बघायचं आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

पिशवी कापडी होती, एका बियाणे कंपनीचे नाव असलेली. त्यातून सात डब्या निघाल्या. एकत्रित गोळीच्या 37 गोळ्या शिल्लक होत्या, छोट्या गोळीच्या 74. दर महिन्याला ते केंद्रात येण्याआधी शिल्लक गोळ्या जुन्या डबीत काढून ठेवत आणि हिशेबाला बसेल तेवढ्याच गोळ्या चालू डबीत ठेवून आणत. दोन डब्यांत कापूस कोंबलेला होता, चालताना गोळ्यांचा खडखडाट होऊ नये म्हणून. आणखी दोन वस्तू निघाल्या: मेडिकल दुकानातून घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांची डबी आणि लोहाच्या टॉनिकची अर्धी बाटली.

मग त्या टेबलावर सगळे सांगितले गेले. सकाळची गोळी पहिले काही दिवस त्यांनी गाडीच्या डिक्कीत नेली. आठ वाजता गोळी घेताना एकाने पाहिले आणि "कायची गोळी हाय बाप्पा?" म्हणून विचारले. त्यानंतर त्यांनी ती बाजारात नेणे सोडले. आठवले तर रात्री दोन्ही गोळ्या एकदमच घेत. एकूण मात्रा तीच तर होते, असा त्यांचा हिशेब होता. एप्रिलपासून जूनपर्यंत रात्रीचीही अडचण झाली. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर, त्याच खोलीत सगळे घर झोपते. मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन महिनाभर राहिली, म्हणजे एका खोलीत सात माणसे. डबी त्याच खोलीतील कपाटात. कपाट उघडले की सगळ्यांची नजर तिकडे. "टीबीची गोळी तं सकाळी घेतली ना, मंग आता कोणती?" असे आईने दोनदा विचारले, आणि त्यानंतर बऱ्याच रात्री गोळी कपाटातच राहिली.

ज्या रात्री गोळी घेतली जाई, त्या रात्रीही एक गोष्ट घडत होती. आई रोज आठच्या सुमारास, जेवणाआधी, त्यांच्या हातात दुधाचा पेला, कॅल्शियमची गोळी आणि चमचाभर टॉनिक देई. पोराच्या अंगी लागावे म्हणून. कॅल्शियम आणि लोह पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला धरून बसतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणासोबत तिन्ही घेतले तर चालते, नाही तर डोल्युटेग्रॅव्हिर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. रिकाम्या पोटी एकत्र, हा त्यातला सर्वांत वाईट मेळ.

सकाळची गोळी चुकली म्हणूनच हे सगळे झाले, असे मी म्हणणार नाही. केप टाउनमधील एका छोट्या चाचणीत रिफॅम्पिसिन घेणाऱ्या रुग्णांना जादा गोळी न देताही बहुतेकांचा विषाणू दबला होता. त्या चाचणीवरून जादा गोळी सोडून देता येत नाही, पण एकट्या तिच्यावर खापर फोडताही येत नाही. माझ्या मते येथे चुकलेल्या रात्री आणि कॅल्शियम-लोह यांचा वाटा मोठा होता. आणि या सगळ्यांच्या मुळाशी लपवाछपवी होती, जिला आम्ही समुपदेशनाचा विषय समजत होतो, औषधोपचाराचा नव्हे.

केलेली कारवाई

वेळापत्रक त्यांच्याच दिवसावरून पुन्हा लिहिले. रिफॅम्पिसिन संपून दोन आठवडे झाले होते, त्यामुळे जादा गोळीची गरज उरली नव्हती. रोज एक गोळी, पहाटे साडेतीनला. त्या वेळी घर झोपलेले असते. लोह आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, आणि रक्ताचा अहवाल बरा आल्यावर तेही बंद. क्षयरोग पुन्हा उद्भवू नये म्हणून त्यांनाही सहा महिने आयसोनियाझिड सुरू केले, ती गोळीही पहाटेचीच. घरून महिन्याची सगळी शिल्लक आणायची, कमी-जास्त निघाली तरी कोणी रागावणार नाही, असे ठरले आणि ते आम्ही पाळले.

पत्नीचा विषय त्याच दिवशी पुन्हा निघाला. त्या वेळी ताईंनी त्यांना विषाणू दबल्यावर काय होते ते सांगितले. 2011 साली जाहीर झालेल्या एचपीटीएन 052 या चाचणीत, ज्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही होती, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटला. पुढच्या अभ्यासांत, विषाणू सातत्याने दबलेला असताना जोडीदाराला शारीरिक संबंधातून संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. हे आम्ही मार्चमध्येही सांगितले होते, पण तेव्हा मरणाच्या भीतीने ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आता त्यांनी ते दोनदा विचारून घेतले.

पुढच्या आठवड्यात ते पत्नीला घेऊन आले. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि त्यांना बोलता येईना. तेव्हा त्या बाई खाली पाहून म्हणाल्या, "मले तं दोन महिन्यापासून मालूम हाये. हे सांगतीन म्हणून मी वाट पाहून राहिली होती." कपाट आवरताना त्यांना डबी सापडली होती, आणि तिच्यावरचे नाव त्यांनी मोबाइलवर शोधले होते. त्या खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यांच्या संमतीने त्यांची तपासणी केली. निगेटिव्ह आली. मुलीच्या एचआयव्ही तपासणीची गरज उरली नाही, कारण आईलाच संसर्ग नव्हता. विषाणू दबेपर्यंत निरोध नियमित वापरायचे ठरले. संसर्ग टाळण्यासाठी जोडीदाराने घ्यायच्या गोळ्यांचा, म्हणजे प्रेपचा पर्यायही समजावून सांगितला. त्यांनी विचार करून निरोधच पुरे असे सांगितले, आणि तो त्यांचा निर्णय होता.

निष्पत्ती

डिसेंबरअखेर, एका वर्षापूर्वी ज्या दिवसांत खोकला सुरू झाला होता त्याच दिवसांत, दुसरा व्हायरल लोड आला. विषाणू मोजण्याच्या पातळीखाली होता. पत्नीची तीन महिन्यांनंतरची फेरतपासणी निगेटिव्ह होती. पुढच्या मार्चमध्ये व्हायरल लोड पुन्हा मोजण्याच्या पातळीखालीच आला आणि सीडी-4 पेशी 248 होत्या.

गोळी आता पहाटे पत्नीच आठवणीने काढून देते. चहा टाकायला ती उठतेच. आईला एचआयव्हीबद्दल सांगितलेले नाही. दोघांनी मिळून तसे ठरवले आहे, आणि आम्ही त्यात काही बोललो नाही. क्षयरोगाचा उपचार संपल्याचा कागद मुलाने वाचून दाखवल्यावर आईने ताट स्वतःच फळीवरून काढून घरातल्या ताटांत ठेवले.

काय वेगळे करता आले असते

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि उतरते वजन एवढ्यावरच थुंकीची तपासणी व्हायला हवी होती. मिरचीचे कारण पटण्यासारखे होते आणि म्हणूनच घातक ठरले. त्या आठ आठवड्यांत घरातील सात वर्षांची मुलगी रोज त्याच हवेत झोपत होती.

आमच्या केंद्रापुरते सांगायचे तर औषध सुरू करण्याच्या कागदावर आता तीन रकाने वाढवले आहेत: किती वाजता उठता आणि झोपता, औषध कोठे ठेवणार, आणि त्या वेळी खोलीत कोण असते. त्याखाली चौथा रकाना घरगुती टॉनिके आणि मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांचा आहे. मार्चपासून जूनपर्यंत आम्ही झोपायच्या जागेबद्दल वेगळे विचारतो, कारण कूलर सुरू झाला की घरातली मांडणी बदलते. गोळ्या मोजण्यापेक्षा पिशवी मागवणे जास्त उपयोगाचे, असे माझे मत झाले आहे. पण पिशवी मागवताना दंडाची भीती वाटता कामा नये, नाही तर पिशवीही निवडूनच येईल.

पत्नीच्या बाबतीत आम्ही मुदत न घालता वाट पाहिली, ते बरोबर होते का, यावर आमच्या चमूत अजूनही एकमत नाही. ताईंचे म्हणणे असे की जबरदस्तीने सांगितले असते तर ते गृहस्थ उपचार सोडून गेले असते. माझे म्हणणे असे की दर महिन्याला "पुढच्या महिन्यात" हे उत्तर स्वीकारताना आम्ही निदान तिसऱ्या भेटीत वरिष्ठांसह बसून धोक्याचे पुन्हा मोजमाप करायला हवे होते, आणि ते लिहून ठेवायला हवे होते. बाई निगेटिव्ह निघाल्या म्हणून हा वाद सौम्य आहे.

गेल्या भेटीत दोघे मिळून आले होते. दुसऱ्या मुलाचा विचार करता येईल का, असे बाईंनी विचारले. येता सहा महिन्यांचा अहवालही असाच आला तर त्यावर बोलू, असे ठरले आहे.